मागचा बाक

१९९४ साली आमच्या धर्मग्रामात तरुण मुलं नव्हती असं नाही, भरपूर होती. गायकवृंदात होती, नाताळच्या गोठ्यांची स्पर्धा लागली की रात्र रात्र जागणारी होती, क्रिकेटच्या टीमा तर वाडीगणिक होत्या. पण दृढीकरणाचा संस्कार झाला आणि दहावीची परीक्षा आटोपली, की पोरगा चर्चच्या हिशेबातून जो निघायचा तो थेट लग्नाच्या घोषणा वाचायची वेळ आली की उगवायचा. मधल्या वर्षांत त्याचं काय चाललंय, हे विचारायची कोणाची रीत नव्हती. रविवारच्या मिस्साला तो यायचा, पण आत नाही. चर्चच्या फाटकासमोर ओढ्यावर मोरी आहे, तिच्या कठड्यावर बसून तो उपदेश संपायची वाट बघायचा.

वसई त्या काळात आतून ढवळून निघत होती. वाड्यांच्या जमिनींना एकाएकी भाव आला होता. केळी, पानवेली आणि मोगरा यांवर पिढ्या जगल्या, त्याच वाड्यांतल्या विहिरींवर टँकर लागू लागले होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीच्या सभांना आमचे वडीलधारे जात, घरी येऊन रात्री उशिरापर्यंत बोलत बसत. आम्ही तरुण मात्र पहाटेच्या विरार लोकलने मुंबईला जायचो आणि रात्री परतायचो. गाव आमच्यासाठी झोपायची जागा झालं होतं. काही पोरांना तर पाणी आणि जमिनीच्या धंद्यातल्या दादा लोकांच्या मोटारसायकलींची मागची सीट आवडू लागली होती.

त्या जून महिन्यात नवे फादर बदलून आले. एका रविवारी दुसरी मिस्सा संपल्यावर गायकवृंदातल्या आम्हा चार-पाच जणांना त्यांनी थांबवलं आणि विचारलं, “तुमच्या वयाची बाकीची कुठं असतात?”

“मोरीवर,” आमच्यातला एक जण म्हणाला.

“मग त्यांना आत बोलावण्यासारखं आपल्याकडे काय आहे?”

उत्तर कोणाकडेच नव्हतं. आमची अपेक्षा अशी, की आता फादर युवा संघ स्थापन करणार, अध्यक्ष-सेक्रेटरी नेमणार, उद्घाटनाला शेजारच्या धर्मग्रामातले पाहुणे येणार. त्यांनी यातलं काही केलं नाही. “मी सुरू केलं तर ते माझं होईल,” ते म्हणाले. “माझी बदली झाली की माझ्याबरोबर जाईल. तुम्ही करा. काय लागेल ते सांगा.”

लागणार होती जागा. चर्चचा हॉल लग्नं, बारशी आणि सभा यांसाठी राखलेला. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला विजेच्या बिलाचा, दुसरा खुर्च्यांचा, आणि मग खरा प्रश्न आला: मुलं-मुली एकत्र, रात्रीच्या वेळी, बंद हॉलमध्ये? फादरांनी सगळ्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. मग आपल्या जुडग्यातली हॉलची किल्ली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. बावीस वर्षांच्या मुलीपुढे. “हिशेब वहीत लिहायचा, दिवे मालवायचे, खुर्च्या रचून ठेवायच्या,” ते म्हणाले. “आणि किल्ली मला परत आणून द्यायची नाही.”

पुढे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तरुणांविषयी ‘ख्रिस्तुस विवित’ हे पत्र काढलं. तरुण हे चर्चच्या युवाकार्याचे स्वतःच कर्ते आहेत, त्यांना सोबत हवी आणि मोकळीकही हवी, असं त्यात आहे. वाचताना मला नवल वाटलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका पितळी किल्लीच्या रूपात ते मी पाहिलं होतं.

पण किल्ली मिळाली म्हणून मुली येणार थोड्याच? माझ्या आईनेच मला पहिल्या दिवशी बजावलं, की तू एकटी मुलगी असशील तर जायचं नाही. बाकीच्या घरांतही तेच. त्या वेळी मदतीला आली ती मावशी. नात्याने ती कोणाचीच मावशी नव्हती, सगळ्या गावाची होती. चर्चच्या मागच्या आळीत राहणारी, नवरा लवकर गेलेला, दादरच्या बाजारात भाजी विकणारी. कोणी तिला बोलावलं नव्हतं. “पोरींच्या आयांना सांग, मी बसते मागं,” एवढंच ती मला विहिरीवर म्हणाली.

आणि ती बसली. दर रविवारी संध्याकाळी हॉलच्या मागच्या बाकावर, गोणपाट पसरून. एका बाजूला मेथी, मुळा, कोथिंबिरीचा ढीग, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या घमेल्यात भिजत घातलेलं केळीचं सोपट. आमची चर्चा चाले आणि तिच्या जुड्या चालत. सोपटाची पट्टी अंगठ्याच्या नखाने उभी चिरायची, डाव्या मुठीत मावेल तेवढी मेथी धरायची, मुळं एका रेषेत ठोकून घ्यायची, पट्टीचे दोन वेढे देऊन टोक आत खोवायचं. गाठ कधी मारायची नाही, कारण गिऱ्हाइकाला सुटायला त्रास होतो. मूठ हेच तिचं माप. एकही जुडी दुसरीपेक्षा लहान निघत नसे. बैठक संपेपर्यंत पाट्या भरलेल्या असायच्या. त्या घेऊन ती पहाटेची पहिली गाडी पकडायची. झोप कधी काढायची, हे तिला विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

तिच्यामुळे मुली आल्या, हा झाला उघड फायदा. दुसरा असा, की मावशीसमोर कोणाच्या तोंडून शिवी निघेना आणि फुशारकीही फार वेळ टिकेना. लग्नातल्या खर्चावर एकदा आमची तावातावाने चर्चा चालली होती. बँड, दारू, पाच दिवसांचे मांडव, हे सगळं आपली संस्कृती म्हणून जपलं पाहिजे, असं एक जण पोटतिडकीने सांगत होता. मागून मावशीचा आवाज आला, “कर्ज काढून नाचता, आणि फेडायला रविवारचा ओव्हरटाइम करून मिस्सा चुकवता. हीपण संस्कृतीच ना?” आणि पुन्हा जुडी बांधायला लागली. त्या विषयावर त्यानंतर बोलण्यासारखं फारसं उरलं नाही.

गोरेगावच्या सेमिनरीतून शनिवार-रविवार एक ब्रदर यायचे. ते धर्मगुरू व्हायला अजून काही वर्षं होती, वयाने आमच्याच बरोबरीचे. आम्ही त्यांना बायबल शिकवायला सांगितलं, तर त्यांनी आधी जोसेफ कार्डिन यांची गोष्ट सांगितली. कार्डिन बेल्जियमचे. सेमिनरीतून सुट्टीला घरी आले तेव्हा गिरण्या-कारखान्यांत कामाला लागलेले त्यांचे शाळासोबती त्यांच्याशी बोलेनात. हा आता मालकांच्या बाजूचा, असं त्यांना वाटू लागलं होतं. १९०३ साली मरणाऱ्या वडिलांच्या उशाशी कार्डिन यांनी शपथ घेतली, की आयुष्य कामगारांसाठी देईन. त्यातून १९२५ मध्ये तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ उभी राहिली. तिची रीत तीन शब्दांची: पाहा, पारखा, करा. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ च्या परिपत्रकात ती रीत सबंध चर्चसाठी उचलून धरली, आणि म्हातारपणी, १९६५ साली, कार्डिन कार्डिनल झाले.

“आधी पाहा,” ब्रदर म्हणायचे. “लगेच कार्यक्रम नको. गावात काय चाललंय ते पाहा.” आम्हाला कार्यक्रमाचीच घाई होती. ब्रदरना मात्र मोरीची. मिस्सा संपली की ते पांढऱ्या झग्यातच जाऊन कठड्यावर बसायचे. पहिले काही रविवार पोरं त्यांना पाहून उठून जायची, मग बसू लागली, मग बोलू लागली. त्यांच्यातला एक, वेल्डिंगच्या कामाला जाणारा, एका संध्याकाळी हॉलच्या दारात उभा राहिला आणि विचारता झाला, “इथं गाता येणाऱ्यांनाच घेतात की काय?” “शिट्टी वाजवता येते का?” ब्रदरनी उलट विचारलं. त्याने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी घातली, की चर्चची घंटा वाजवणारे आमचे घंटेचे काका धावत आले.

ब्रदरचा प्रश्न उसना होता, हे आम्हाला नंतर कळलं. तुरीनमध्ये ८ डिसेंबर १८४१ रोजी डॉन बॉस्को मिस्साची तयारी करत होते. थंडीला कंटाळून वस्त्रगृहात शिरलेल्या एका गवंडीकाम करणाऱ्या पोरक्या पोराला तिथल्या सेवकाने मारून हाकललं. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावून घेतलं. वाचता येतं का, लिहिता येतं का, गाता येतं का, सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, शिट्टी वाजवता येते का? पोरगं हसलं. बार्तोलोमेओ गारेल्ली त्याचं नाव. तरुणांसाठी डॉन बॉस्कोंनी जे काही उभं केलं, त्याचा आरंभ ते स्वतः त्या दिवसापासून धरत. गोष्टीतल्या त्या सेवकाची मात्र मला नेहमी दया येते. फरशी पुसून पुसून हात दुखलेला माणूस असणार तो. आमचे घंटेचे काका तसलेच. चपला कुठं काढल्या, पंखा कोणी चालू ठेवला, गिटार वेदीच्या इतक्या जवळ कशाला, यावरून रोज एक फैर. पण रात्री हॉलमधला शेवटचा पोरगा बाहेर पडेपर्यंत ते पायरीवर बसून असायचे, हेही खरं.

त्या जानेवारीत मनिलाला जागतिक युवा दिन झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या मिस्साला चाळीस-पन्नास लाख माणसं जमली, म्हणतात. गर्दीतून मोटार जाईना म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. वर्तमानपत्रातला फोटो फादरांनी नोटीस बोर्डावर टाचला. आम्ही तो बघितला आणि आमच्या अर्ध्या रिकाम्या हॉलची लाज वाटून गप्प झालो. “त्यातल्या प्रत्येकाला आधी आपल्या गावात कोणी तरी खुर्ची दिली असेल,” फादर म्हणाले. फादरांची काही वाक्यं अशी भिंतीवर रंगवण्यासारखी असायची. तेवढं सोडलं तर माणूस चांगला.

उपवासकाळ लागला तेव्हा ब्रदरनी विचारलं, या चाळीस दिवसांत काय पाहणार? वेल्डर म्हणाला, “विहिरी पाहू या. आमच्या विहिरीचं पाणी खारं लागतंय.” मग आम्ही वही घेतली आणि वाडी वाडी फिरलो. पाणी चाखायचं, खोली मोजायची, किती वर्षांपासून खारं झालं ते विचारायचं, आजूबाजूला टँकर भरतात का ते लिहायचं. वसईची गोड्या पाण्याची व्यवस्था किती नाजूक आहे, ते त्या वहीने आम्हाला शिकवलं. समुद्र हाकेवर. पावसाचं पाणी जमिनीत साठतं आणि खाऱ्या पाण्याला थोपवून धरतं. त्यासाठी तर वाडवडिलांनी जागोजागी बावखलं खणली. मोठाली तळी ती. पावसाळ्यात भरायची, शेजारच्या विहिरींना पाझरायची, त्यांवर रहाट चालायचे. वरचं गोडं पाणी उपसून उपसून विकलं, की खालून खारं चढतं. आणि बावखलं बुजवली, की नवं गोडं पाणी मुरायलाच जागा राहत नाही. यात विज्ञान मोठं नाही. पण आमच्यापैकी कोणी ते तोवर लावून पाहिलं नव्हतं.

त्या काळी धर्मप्रांतात युवा दिन झावळ्यांच्या रविवारी पाळला जायचा. अलीकडे, २०२१ पासून, तो ख्रिस्तराजाच्या सणावर गेला आहे. फादरांनी ठरवलं, की ख्रिस्तप्रसादानंतर आम्ही वहीतलं वाचून दाखवायचं. नावं नाहीत, फक्त आकडे: कुठल्या आळीत किती विहिरी, त्यांतल्या किती खाऱ्या, किती विहिरींवर टँकर. वाचलं मी. हातात नारळीची झावळी धरलेला सबंध गाव समोर बसलेला. नावं नसली म्हणून काय झालं, आळीचा उल्लेख आला की कोणाची विहीर ते शेंबडं पोरही सांगेल. मधल्या रांगेतली दोन-तीन माणसं उठून बाहेर गेली. मिस्सा सुटल्यावर फादरांना फाटकात गाठून जे बोललं गेलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. देवळात राजकारण आणलं, पोरांना फितवलं, बिशपांकडे तक्रार करतो, असं बरंच काही. फादरांनी आमच्यातल्या एकाचंही नाव पुढे केलं नाही. “मी वाचायला सांगितलं,” एवढंच ते प्रत्येकाला सांगत राहिले.

पुढच्या बैठकीला हॉल ओस पडेल अशी आम्हाला धास्ती होती. काही मुलींचं येणं घरच्यांनी खरंच बंद केलं. मावशी येणार नाही, हे तर आम्ही गृहीतच धरलं होतं. टँकर भरणाऱ्यांत तिचा सख्खा दीर होता आणि ती त्याच्याच घराच्या पडवीत राहत होती. ती आली. नेहमीसारखं गोणपाट पसरलं, सोपट भिजत घातलं. दिराबद्दल अवाक्षर नाही. उठताना मला म्हणाली, “उद्या त्या पोरींच्या घरी जाऊन येते मी.” ती गेली की नाही, काय बोलली, मला कधी कळलं नाही. पुढच्या रविवारी मुली हजर होत्या. त्यानंतर काही महिन्यांनी मावशीने पडवी सोडून चर्चच्या रस्त्याला भाड्याची खोली घेतली. कारण तिने कोणालाही सांगितलं नाही. आम्हाला सांगायची गरजही नव्हती.

मे महिन्यात आम्ही चर्चमागचं बावखल उपसायला घेतलं. वर्षानुवर्षांचा गाळ, जलपर्णी, फुटक्या बाटल्या, निर्माल्य, जुन्या गाद्या. पाणी काढायला इंजिन दिलं ते बांधापलीकडच्या वाडवळ हिंदू कुटुंबाने. डिझेलचे पैसे देऊ केले तर त्या घरातल्या आजोबांनी आम्हाला झापलं. या बावखलावर त्यांचा आणि चर्चचा रहाट पूर्वी आळीपाळीने चालायचा, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. पायऱ्या कुठं आहेत ते मात्र फक्त घंटेच्या काकांना ठाऊक होतं. लहानपणी ते तिथंच पोहायला शिकले होते. धोतर वर खोचून ते गाळात उतरले, बांबूने ठोकत ठोकत एका जागी थांबले आणि म्हणाले, “खणा इथं.” दगडी पायरी लागली तेव्हा वेल्डरने पुन्हा ती शिट्टी घातली. या वेळी काका काही बोलले नाहीत.

दुपारच्या जेवणाला घराघरांतून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाचं कालवण यायचं. राजेळी केळ्यांची घरची सुकेळी एका बाईंनी डबाभर आणून दिली. झावळ्यांच्या रविवारी उठून गेलेल्यांपैकी एकाची ती बायको. डबा ठेवला आणि गेली. अशा कामांत माणसं बदलतात असं लिहिण्याची पद्धत आहे. आमच्या गावात टँकर त्यानंतरही चालले, आणि पुष्कळ वर्षं चालले. बदललं ते एवढंच, की मोरीवर बसणारे आणि गायकवृंदात गाणारे एका फावड्याला धरून होते, आणि पुढच्या नाताळात गोठा एकच झाला.

१९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, बिशप थॉमस डाबरे पहिले बिशप म्हणून आले. तरुणांसाठी धर्मप्रांताची यंत्रणा, शिबिरं, प्रशिक्षित कार्यकर्ते, सगळं हळूहळू उभं राहिलं, आणि ते हवंच होतं. मधे आमच्या फादरांची बदली झाली. निरोपाच्या दिवशी सबंध संघ रडला आणि पुढच्या रविवारी नेहमीच्या वेळेला बैठकीला बसला. ते फादर म्हणून किती यशस्वी होते हे ज्याला मोजायचं असेल, त्याने तो दुसरा रविवार मोजावा. आजवर कितीतरी धर्मग्रामांतले युवा संघ मी पाहिले, फादरांच्या सामानाच्या टेम्पोबरोबर निघून गेलेले.

ब्रदर पुढे धर्मगुरू झाले. घंटेचे काका गेले. वेल्डर आता पॅरिश कौन्सिलवर आहे आणि हॉलच्या विजेच्या बिलाबद्दल सर्वांत जास्त आवाज तोच करतो. मावशीला जाऊनही बरीच वर्षं झाली. तिच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला तिचा दीर आला होता. दुसऱ्या बाजूला आमच्यातली पोरं होती.

या माणसांचं देणं मी फेडलं असं मला कधी वाटलं नाही, आणि कसं फेडायचं ते त्यांच्यापैकी कोणी सांगून ठेवलं नाही. म्हणून ही एक विनंती करते. आमच्या धर्मग्रामातला युवा संघ आजही चालू आहे. मुलं हुशार आहेत. त्यांच्या भिंतीवर कार्लो अकुतिसचा फोटो आहे, जीन्स घातलेला संत. बैठकीचे निरोप मोबाइलवर जातात, आणि अर्धी मुलं कॅनडाच्या नाही तर आखाताच्या कागदपत्रांमागे असली तरी रविवारी येतात. त्यांना व्याख्याते मिळतात, देणगीदार मिळतात. मागच्या बाकावर नुसतं बसणारं मोठं माणूस मिळत नाही. तुम्ही निवृत्त झाला असाल, गुडघे फार दुखत नसतील आणि मधेमधे बोलायची खोड नसेल, तर या. रविवारी संध्याकाळी साडेसहाला. हातातलं काम बरोबर आणलं तरी चालेल.